निकोस वेग आणि रात्रीची बी१ बॅच: एका नर्सचा रिव्ह्यू

जर्मनीत नर्स म्हणून जायचं मनात आलं की पहिला प्रश्न क्लासचा येतो. तासगाव, मिरज, जत इकडच्या मुलींचे मला सतत मेसेज येतात, "ताई, कुठला कोर्स लावू?" २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यानंतर तर तालुक्याच्या स्टँडसमोरसुद्धा जर्मनचे बोर्ड लागले. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

मी मिरजेत आयसीयूला होते. आता श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये आहे. शिकताना तीन गोष्टी वापरल्या: ए१, ए२ म्हणजे भाषेच्या पहिल्या दोन पातळ्यांसाठी एका मोठ्या संस्थेचा ऑनलाइन कोर्स, सोबत दोइचे वेलेची 'निकोस वेग' ही जर्मन शिकवणारी मोफत व्हिडिओ मालिका, आणि त्यापुढच्या बी१ पातळीसाठी पुण्यातल्या एका मॅडमची रात्रीची ऑनलाइन बॅच. व्याकरण तिन्हीकडे मिळतं. दातिव्ह, अक्कुझातिव्ह या विभक्ती सगळे शिकवतात आणि घोकलं की येतंही. पण भाषेबरोबर प्रत्येक कोर्स आणखी एक गोष्ट शिकवत असतो. ते लोक कसे आहेत, आणि त्यांच्यासमोर आपण कोण आहोत, हे तो आपल्या मनात भरत असतो. मी तिन्ही कोर्स त्यावरून तोलणार आहे, कारण इथे आल्यावर रोज तेच कामाला येतं.

आधी संस्थेचा कोर्स. नाव लिहीत नाही, कारण असे बरेच आहेत. सोयी उत्तम होत्या. लेक्चरचं रेकॉर्डिंग, दर रविवारी टेस्ट, उच्चार तपासणारं ॲप, शंका विचारायला वेगळा ग्रुप. ए२ चं व्याकरण तिथे पक्कं झालं, त्याचं श्रेय देते. फी चाळीस हजार.

बिघडलं ते शनिवारच्या 'कल्चर सेशन'मध्ये. स्क्रीनवर दोन रकाने असायचे, डावीकडे जर्मन, उजवीकडे भारतीय. ते वेळ पाळतात, आपण पाळत नाही. ते सरळ बोलतात, आपण आडून बोलतो. ते खासगी प्रश्न विचारत नाहीत, आपण विचारतो. प्रत्येक ओळीत उजवी बाजू कमी पडलेली. यातली एखादी गोष्ट खरीही असेल. ड्युटीवर वेळेत पोचायलाच हवं, ते मिरजेतही हवं. पण आठवड्यामागून आठवडे तेच पाहिल्यावर ग्रुपमध्ये एखादीने उशिरा जॉइन केलं की दुसरी लिहायची, "टिपिकल इंडियन." लिहिणारी आपल्यातलीच.

मग मुलाखतीची तयारी. मागे पांढरी भिंत हवी, घरातलं कुणी दिसता कामा नये. गावाचं नाव घेऊ नका, "पुण्याजवळ राहते" म्हणा. तासगाव पुण्यापासून दोनशे किलोमीटर आहे. मुलाखत घेणाऱ्या ज्या बाईची उद्या मी माझ्या पेशंटबद्दल खरं सांगावं अशी अपेक्षा आहे, तिच्याशी पहिल्याच वाक्यात मी माझ्या गावाबद्दल खोटं का बोलायचं? लातूरकडची एक मुलगी तर क्लास सुरू झाला की आईला खोलीबाहेर बसवायची. हे पाहून मला फार वाईट वाटायचं.

याचा परिणाम वॉर्डात दिसतो, म्हणून एवढं लिहितेय. जिला आपल्याच बोलण्याची, वागण्याची लाज शिकवली गेली आहे ती ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टच्या नर्सकडून पेशंटची माहिती घेताना, काही समजलं नाही तरी मान हलवते. "पुन्हा सांगाल का?" हे वाक्य तिला व्याकरणात येत असतं, पण तोंडातून निघत नाही. इन्सुलिनची युनिट्स ऐकताना मान हलवून चालत नाही.

आता निकोस वेग. दोइचे वेले ही जर्मनीची आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्था, आणि ही मालिका तिच्या साइटवर पूर्ण मोफत आहे. ए१, ए२, बी१ असे तीन टप्पे. छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येकाखाली शब्द, सराव, व्याकरण. एका टप्प्याचे सगळे भाग जोडून लांब फिल्मही यूट्यूबवर मिळते. गोष्ट साधी आहे. निको नावाचा तरुण स्पेनहून जर्मनीत येतो, विमानतळावर त्याची बॅग हरवते, भाषा जेमतेम येते. लिसा त्याला मदत करते, आपल्या घरी आसरा देते. पुढे टारेक आणि माक्स यांचं रेस्टॉरंट येतं, सीरियाहून आई-वडिलांबरोबर आलेली सेल्मा येते, निकोच्या मावशीचा शोध येतो.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते म्हणजे यातला जर्मनी एका साच्याचा नाही. कुणी घाईत, कुणी विसराळू, कुणी भांडकुदळ, कुणी जीव लावणारं. आणि ज्याच्याभोवती गोष्ट फिरते तोच भाषा शिकणारा आहे. तो चुकतो, अडतो, पुन्हा विचारतो, तरी त्याच्याकडे कुणी केविलवाणं म्हणून बघत नाही. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघीजणी हे बघायचो, तेव्हा मैत्रीण म्हणाली होती, "हा एवढं चुकतो तरी किती बिनधास्त बोलतो गं!" दुसऱ्या दिवसापासून ती क्लासमध्ये बोलायला लागली.

सेल्मा मला जास्त जवळची वाटली. निको स्पेनचा, म्हणजे युरोपियन युनियनचा नागरिक. त्याला व्हिसाची रांग नाही, डिग्रीच्या मान्यतेचे कागद नाहीत. सेल्माच्या घरी मात्र आई-वडिलांचा शब्द आहे, त्यांची काळजी आहे, नव्या देशात मुलगी हातची जाईल ही भीती आहे. हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात घडेल. जर्मनीच्या गोष्टीत असं घर पाहिलं आणि त्या देशात आपल्यासारख्यांनाही जागा असते, हे माझ्या डोक्यात बसलं. इथे आल्यावर ते खरं निघालं. जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांत सगळ्यात मोठा गट सीरियन डॉक्टरांचा आहे. आमच्या वॉर्डात पहिल्या दिवशी ज्यांनी मला राउंडला सोबत घेतलं ते डॉक्टर अलेप्पोचे, आणि ओव्हर देणारी सिस्टर बोस्नियाची. मी गोंधळले नाही, कारण हा देश असाच दिसतो हे मला माहीत होतं. दोन रकान्यांच्या स्लाइडमध्ये हे दोघंही कुठेच नव्हते.

कमी काय आहे तेही सांगते. भाषा स्वच्छ, प्रमाण आणि सावकाश आहे. श्टुटगार्टच्या आसपासचे आजोबा श्वाबिश ही तिथली बोली बोलतात, त्याची तयारी यातून होत नाही. नर्सिंगचे शब्द फारसे नाहीत. मुख्य म्हणजे आपण फक्त बघणारे असतो. निकोला सगळे प्रश्न विचारतात, आपल्याला कुणी विचारत नाही. ती जागा भरली रात्रीच्या बॅचने.

या मॅडम एकट्याच शिकवतात. जाहिरात करत नाहीत, नाव छापू नकोस म्हणाल्या. फी बावीस हजार, आठवड्यातून चार दिवस रात्री नऊ ते साडेदहा. आम्ही नऊजणी होतो, सगळ्या नर्स: चौघी केरळच्या, एक अमरावतीची, एक लातूरची, दोघी सोलापूरच्या आणि मी.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "ज्यांना चालेल त्यांनी मागचं ब्लर काढा आणि मागे दिसणाऱ्या पाच वस्तू जर्मनमध्ये सांगा." सक्ती नव्हती. कोट्टयमच्या मैत्रिणीच्या मागे येशूची तसबीर आणि तिच्यापुढे लाल दिवा. लातूरच्या मुलीच्या मागे तुरीची पोती, आणि पोत्यांशेजारी पहिल्यांदाच आम्हाला तिची आई दिसली. मी सुट्टीला गावी होते. माझ्या मागे बेदाण्याच्या पेट्यांची थप्पी. मॅडमनी तिथेच धरलं. बेदाणा कसा होतो, सांग. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळीवर पसरायचे, वाळले की झाडून, निवडून, प्रतवारी करून सौद्याला न्यायचे. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे. हे सगळं बी१ च्या तुटपुंज्या शब्दांत सांगताना घाम फुटला, पण कर्मणी प्रयोग मी त्या रात्री शिकले तो आजतागायत विसरले नाही. 'घड बुडवले जातात, पसरले जातात, निवडले जातात.' पुस्तकातल्या कारखान्याच्या उदाहरणांनी तो कधी डोक्यात शिरला नव्हता.

आता मुद्द्याचं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकाचे १०० गुण, पास व्हायला ६० लागतात, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. संभाषणाच्या दुसऱ्या टप्प्यात एका विषयावर पाच स्लाइडच्या आधारे बोलायचं असतं. पहिली विषयाची ओळख, दुसरी स्वतःचा अनुभव, तिसरी आपल्या देशातली परिस्थिती, चौथी फायदे-तोटे आणि स्वतःचं मत, पाचवी समारोप. मग जोडीदार आणि परीक्षक प्रश्न विचारतात.

तिसरी स्लाइड नीट बघा. तुम्ही कुठून आलात हे परक्या भाषेत, परक्या माणसाला सांगायची ही जागा. आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पाठ करून घेतात. टेलिग्रामवर तयार उत्तरांच्या पीडीएफ फिरतात. विषय मुलांच्या मोबाइलचा असो की फास्ट फूडचा, तिसऱ्या स्लाइडला ठरलेली वाक्यं: माझ्या देशात सगळे एकत्र कुटुंबात राहतात, आम्ही वडीलधाऱ्यांना मान देतो, आमच्याकडे खूप सण असतात. पुढची वाक्यं कुठल्या कोर्सची यावर ठरतात. काही ठिकाणी "पण आमचे लोक अजून मागासलेले आहेत", काही ठिकाणी "आमची संस्कृती जगात श्रेष्ठ आहे". दोन्हीत बोलणारी मुलगी कुठेच नसते. आणि हेच वाक्य शंभर वेळा घोकलं की ते आपल्यालाही खरं वाटायला लागतं, हा धोका मार्कांपेक्षा मोठा आहे.

मॅडमचा नियम एकच. तिसऱ्या स्लाइडला 'भारतात' म्हणून वाक्य सुरू करायचं नाही. आधी गाव, वॉर्ड, घर, तिथे काय पाहिलंत ते. मग वाटलं तर देश.

माझा सरावाचा विषय होता, म्हातारपणी माणसाने कुठे राहावं. मी तयारीने आले होते: आमच्याकडे वृद्धाश्रम नसतात, मुलं सांभाळतात. मॅडमनी विचारलं, "तुझ्या आयसीयूबाहेर रात्री कोण असतं?" मग मी बोलायला लागले. बाकाखाली चटई टाकून झोपलेले नातेवाईक. आटपाडीहून रोज एसटीने डबा घेऊन येणारी सून. एका पासवर आळीपाळीने आत येणारे तिघे भाऊ. आणि त्याच वॉर्डात ते आजोबा, ज्यांचा मुलगा दुसऱ्या देशात होता आणि रोज व्हिडिओ कॉलवर मला विचारायचा, "सिस्टर, बाबांनी डोळे उघडले का?" मी फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरायचे. पैसे वेळेवर यायचे, माणूस येऊ शकत नव्हता. आणि मीही आता आई-वडिलांना सोडून निघाले होते. हे सांगताना माझी जर्मन अडखळली, क्रियापदं चुकली, पण कुणी मध्ये बोललं नाही. झाल्यावर कोट्टयमची मैत्रीण जर्मनमध्येच म्हणाली की तिच्या गावात तर गल्लीच्या गल्ल्या अशा आहेत, मोठी घरं आणि आत एकटे म्हातारे.

परीक्षेला पुण्यात मला वेगळाच विषय आला, पण तिसरी स्लाइड मी अशीच बोलले. परीक्षकांनी प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं शोधावी लागली नाहीत. बघितलेलंच सांगायचं होतं.

दुसरी मोठी गोष्ट आमच्या कामाबद्दलची. जर्मनीत पेशंटला अंघोळ घालणं, तोंड धुणं, भरवणं हे नर्सचं काम आहे. आपल्याकडे ते वॉर्डातल्या मावशी आणि नातेवाईक करतात. उलट सलाइनसाठी शीर धरणं, रक्त काढणं ही मिरजेत आमची रोजची कामं. इथे बऱ्याच ठिकाणी ती डॉक्टर करतात. त्यामुळे "एवढं शिकून आम्ही तिकडे अंघोळी घालायच्या का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. संस्थेच्या सेशनमध्ये त्यावर उत्तर होतं, "ॲडजस्ट करा, पगार बघा."

मॅडमनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी केलेला एक छोटा व्हिडिओ लावला आणि आवाज बंद करून आम्हाला फक्त बघायला सांगितलं. नर्स दार वाजवते, थांबते, मग आत जाते. काय करणार ते सांगते. आजोबांचा हात पाण्याला लावून पाणी ठीक आहे का विचारते. ओला रुमाल त्यांच्याच हातात देते; ते थरथरत्या हाताने स्वतःचं तोंड पुसतात, वेळ लागतो, ती थांबते. छातीवर टॉवेल पांघरलेला, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं. पेशंटला जे जमतं ते त्याच्याकडूनच करून घ्यायचं, यावर इथलं सगळं नर्सिंग उभं आहे, आणि त्या वेळात त्वचा, सूज, श्वास, मनःस्थिती सगळं नर्सला कळतं. मग आवाज लावून आम्ही वाक्यं लिहून काढली.

त्या रात्री आमच्यात खूप वाद झाला. सोलापूरची एकजण म्हणाली, तीस पेशंटमागे दोघी असताना असं थांबायला वेळ कुठून आणायचा? तिचं बरोबरच होतं. मॅडम म्हणाल्या, हे जर्मनमध्ये लिही, माणसं वाईट की रचना वाईट ते वेगळं करून लिही. तिने फार सुंदर लिहिलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी ड्युटीवर चादर काढण्याआधी मावशींना थांबवलं आणि आजींना विचारलं, "आजी, अंग पुसायचंय, चालेल का?" आजी म्हणाल्या, "पुसा की बाई, पण पडदा ओढा." पडदा ओढायचं आमच्याकडे रोज राहून जायचं. जर्मन शिकताना मी माझ्या मिरजेच्या वॉर्डात चांगली नर्स झाले. एका भाषेच्या ऑनलाइन क्लासकडून मी ही अपेक्षा केली नव्हती, आणि या बॅचबद्दल मला सर्वांत जास्त कृतज्ञता याचीच आहे.

दर आठवड्याला घरच्या कुणाला तरी जर्मनमध्ये पत्र लिहायचं आणि ते त्यांना मराठीत वाचून दाखवायचं, असा एक गृहपाठ होता. मी आजीला लिहायचे. ती ऐकून प्रश्न विचारायची, "तिकडं म्हाताऱ्यांस्नी सणाला कोण भेटाय येतं?" तो प्रश्न मी पुढच्या तासाला न्यायचे. अशी आजीही बॅचमध्ये आली. केरळच्या मुलींशी माझं हिंदी जुळत नव्हतं, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुढचं. जर्मन ही आमची समान पायरी. ओणमला त्यांनी पूकळम, म्हणजे फुलांची रांगोळी, कसं घालतात ते सांगितलं, मी तासगावच्या गणपतीचा रथ सांगितला, जो ऋषिपंचमीला दोरखंडांनी ओढतात. दोघी एकाच देशाच्या, आणि एकमेकींचं काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर 'भारतात असं असतं' हे वाक्य माझ्या तोंडातून सहज येत नाही.

आता बॅचच्या त्रुटी. रेकॉर्डिंग मिळत नाही. घरातल्या गोष्टी बोलल्या जातात म्हणून मॅडम ते करत नाहीत. कारण पटतं, पण अचानक नाइट लागली की तो तास गेलाच. गृहपाठ भरपूर, तीन शिफ्टच्या नोकरीत झेपवणं कठीण. औषधांची, अवयवांची, तक्रारींची भाषा वरवर झाली. ती मला बी२ ला दुसरीकडे पुन्हा शिकावी लागली, आणि मान्यतेसाठी बहुतेकींना बी२ लागतंच. ज्यांचं ए२ कच्चं आहे त्यांनी इथे येऊ नये, बोलण्याचा वेग सोसणार नाही. श्वाबिश इथेही नाही. इमारतीत जिना झाडायची पाळी आली की दारावर 'केरवोखे'ची पाटी लटकते, हेही मला शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं.

इथे पेशंट विचारतात, "तुमच्याकडे लग्नं आई-वडीलच ठरवतात ना?" पूर्वी अशा प्रश्नाने मी आक्रसले असते किंवा चिडले असते. आता सांगते, माझ्या मोठ्या बहिणीचं असं ठरलं, धाकटीने स्वतः ठरवलं, आणि दोन्ही वेळा मांडवात आजी सारखीच रडली. मग ते त्यांच्या लग्नाचं सांगतात, तोवर ड्रेसिंग होऊन जातं.

सल्ला विचाराल तर ए१, ए२ चं व्याकरण जवळच्या कुठल्याही बऱ्या क्लासला करा, आणि पहिल्या दिवसापासून निकोस वेग रोज थोडं बघा. पैसे राखून ठेवा ते बी१ साठी, छोट्या बॅचसाठी. बारापेक्षा जास्त मुली असतील तर बोलायला मिळत नाही. फी भरण्याआधी डेमो तास मागा आणि शिक्षकांना सरळ विचारा की तिसऱ्या स्लाइडची तयारी कशी करून घेता. पीडीएफ देतो म्हणाले तर दुसरा क्लास बघा. मॅडमची पुढची बॅच गणपतीनंतर सुरू होतेय. ज्यांचं ए२ झालंय त्यांनी मला मेसेज करा, मॅडमना विचारून त्यांचा नंबर देते.